पांझरेचे पाट आणि राष्ट्रांची भांडणे

‘जागतिक शांतता’ हा विषय निबंधासाठी दिला, म्हणजे आमच्या हाती येणाऱ्या वह्यांत बहुधा एकच मजकूर आढळतो. मनुष्याने स्वार्थ सोडावा, सर्वांवर बंधुप्रेम करावे, म्हणजे युद्धे आपोआप थांबतील, असे विद्यार्थी मोठ्या उत्साहाने लिहितात. या लिहिण्यात खोटे काहीच नाही. तथापि ते वाचताना एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या घरी दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर शेती करतात, तेथे प्रेमाची वाण असते असे नाही. तरी वैशाखात विहिरीने तळ गाठला की त्याच भावांत बोलाचाली होते, पुढे अबोला धरला जातो, आणि एखादे वर्षी प्रकरण कोर्टाची पायरीही चढते. दोघांपैकी कोणीही दुष्ट नसतो. पाणी कोणी, केव्हा व किती घ्यावे, हे विहीर भरलेली असताना ठरवून ठेवलेले नसते, एवढेच.

संस्थेत, गावात व राष्ट्राराष्ट्रांत जो गोंधळ माजतो, त्याचे मूळ पुष्कळदा याच ठिकाणी सापडते, असे आमचे मत आहे. कलह ही टळणारी गोष्ट नव्हे. तो कसा चालवावा, त्यास कोणत्या मर्यादेत ठेवावे, याची व्यवस्था मात्र मनुष्यास करता येते. अशा व्यवस्थेचा एक उत्तम नमुना आमच्या खानदेशातच होता व काही ठिकाणी त्याचे अवशेष अद्याप आहेत. जिनिव्हा व न्यूयॉर्क येथील सभागृहांचा अभ्यास करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी साक्री तालुक्याकडे एकदा पाहावे, अशी आमची सूचना आहे.

पांझरा नदी पिंपळनेरच्या वरच्या अंगास सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, साक्री तालुक्यातून उतरत धुळे शहरावरून जाते आणि मुडावद येथे तापीस मिळते. धुळ्याची मुले तिला बहुधा पुलावरूनच ओळखतात. परंतु वरच्या बाजूस, सामोडे वगैरे गावांच्या परिसरात, या नदीवर जुन्या काळच्या लोकांनी दगडी बंधारे घातले व त्यांतून पाट काढून शेते भिजवली. ही रीत पांझरेप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवरही होती, आणि ती सुमारे तीनचारशे वर्षांची असावी असे अभ्यासक मानतात. हिला ‘फड पद्धती’ म्हणतात. बंधारा बांधणे ही कारागिरी झाली. ती पुष्कळ देशांत आढळते. येथे पाहण्यासारखे जे आहे, ते बंधाऱ्याच्या खाली, पाण्याच्या वाटणीत आहे.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीस थळ म्हणत. या थळाचे काही मोठे भाग पाडीत, बहुधा चार. हे भाग म्हणजेच फड. प्रत्येक फडात एका हंगामास एकच पीक घ्यायचे, असा दंडक असे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात दुसरे एखादे पीक, आणि पुढच्या वर्षी या पिकांची फिरवाफिरव. ज्या फडात यंदा गहू ठरला, तेथे कोणा एकाने ‘माझी जमीन, माझी मर्जी’ म्हणून ऊस लावावा, हे चालत नसे. शेजारी शेजारी एकच पीक असल्यामुळे सर्वांस पाणी एकाच वेळी लागे व एकाच वेळी बंद होई. पाट उगाच वाहता ठेवावा लागत नसे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. साधारणतः प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. प्रथमदर्शनी ही मोठी गैरसोय वाटते. चार एकरांच्या धन्याने आपले चार एकर एका ठिकाणी का ठेवू नयेत? चार ठिकाणी एकेक एकर ठेवून औत घेऊन हिंडावे कशाला? परंतु अवर्षणाचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. नदीस पाणी कमी आहे, चारही फड भिजणार नाहीत, हे पंचांस दिसते, आणि यंदा एक फड कोरडा ठेवावा असा ते निर्णय देतात. जर त्या फडात गावातील पंधरा घरांचीच सगळी जमीन असती, तर ती पंधरा घरे काठ्या घेऊन पंचांच्या दारी आली असती. व त्यांस दोष देणेही कठीण झाले असते. येथे मात्र त्या कोरड्या फडात पाटलाचा एक तुकडा आहे, पंचांचा आहे आणि गरिबाचाही आहे. नुकसान सर्वांच्या दारी थोडे थोडे गेले. ज्याने निर्णय दिला त्याचेही शेत पडीक राहिले, म्हणून त्याचा शब्द खाली पडला नाही. गणिताच्या तासास आम्ही प्रमाण शिकवतो. त्याचे इतके सुंदर उदाहरण आम्हांस पाठ्यपुस्तकात मिळालेले नाही.

आता पाणी प्रत्यक्ष द्यायचे कोणी? फडावर पंचांनी नेमलेली माणसे असत: पाटकरी, बारेकरी, जागल्या, आणि त्यांवर देखरेख करणारा हवालदार. गावोगाव ही नावे व कामे यांत थोडाफार फरक पडे. नियम असा की, पाटाचे तोंड फोडून पाणी आपल्या शेतात घेण्याचा अधिकार शेतकऱ्यास नसे. तो कितीही मोठा असो, पाणी सोडणारा हात दुसऱ्याचा असे, आणि त्या हाताचा मोबदला सर्वांनी मिळून, पुष्कळदा धान्याच्या रूपाने, दिलेला असे. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याला पाणी चोरणे सर्वांत सोपे व शेवटच्या टोकाला ज्याचे शेत, तो सर्वांत असहाय, ही गोष्ट त्या अल्पशिक्षित लोकांनी पक्की ओळखली होती. तोंडाशी असलेल्या मनुष्यास सद्गुणाचा उपदेश करीत बसण्याऐवजी त्यांनी त्याच्या हातचे फावडे काढून घेतले. गाळ काढण्याच्या कामात मात्र सर्वांस आपापला वाटा उचलावा लागे. ज्याने काम टाळले त्यास पंचांपुढे उभे राहावे लागे.

या पद्धतीचे आम्ही वारेमाप गुणगान करू इच्छीत नाही. जमिनीवर पाण्याचा हक्क बांधलेला असल्यामुळे ज्यास थळात जमीन नाही, त्यास पाण्यात वाटाही नव्हता. या उणिवेचे उत्तर पुढे दुसऱ्या जिल्ह्यात शोधले गेले. १९७२च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, विलासराव साळुंखे यांनी जी पाणी पंचायत उभी केली, तिच्यात पाणी जमिनीच्या मानाने न देता माणशी अर्धा एकर भिजेल इतके द्यावे, कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नको, भूमिहीनासही हक्क असावा, आणि ऊस लावू नये, असे नियम केले. ऊस नको हा नियम ऐकून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु ज्यांना गिरणेच्या आवर्तनाची वाट पाहत चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या बाजूस उन्हाळा काढावा लागतो, त्या पालकांस त्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

पांझरेवरील फड मोडले कसे, हे पाहण्यासारखे आहे. भांडणे होऊन ते मोडले, असे म्हणता येत नाही. भांडणे तर शतकानुशतके होत होती आणि पंच ती मिटवीत होते. वरच्या बाजूस मोठी धरणे झाली व नदीचे वाहणे बदलले, हे एक कारण. दुसरे असे की, ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी स्वतःच्या विहिरी खणल्या, त्यांवर पंप बसवले, आणि साखर कारखान्यांमुळे बारमाही उसाचा मोह वाढला. ज्याच्या विहिरीवर पंप चालतो, त्याला पंचांची गरज काय? तो सभेस येईनासा झाला. गाळ काढण्यास त्याचा गडी येईनासा झाला. उरलेल्या दुबळ्यांनी पाट किती दिवस चालवावा? संस्थेचा ऱ्हास ओळखण्याची आमच्या मते हीच खूण आहे. सभेत आरडाओरडा होतो तोवर ती जिवंत असते. तिच्यातील सबळ मनुष्य शांतपणे, कोणाशीही न भांडता, उठून घरी जातो, त्या दिवशी तिला घरघर लागते.

ही खूण घेऊन जगाकडे पाहिले, तर इतिहासाच्या पुस्तकातील काही पाने सोपी होतात. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली राष्ट्रसंघ स्थापन झाला. १९३१ मध्ये जपानने मांचुरियात सैन्य घुसवले. राष्ट्रसंघाने चौकशी समिती पाठवली, समितीने अहवाल दिला, सभेने तो मान्य केला; आणि १९३३ च्या मार्चमध्ये जपानने राष्ट्रसंघ सोडण्याचे कळवले. त्याच वर्षी जर्मनीने तेच केले व १९३७ मध्ये इटलीने. ज्यांच्या विहिरीवर पंप होता, ते उठून घरी गेले. यानंतर दोन वर्षांत काय झाले, ते सांगावयास नको.

१९४५ साली संयुक्त राष्ट्रे स्थापन झाली, तेव्हा ही चूक टाळावी म्हणून मुत्सद्द्यांनी पाच मोठ्या राष्ट्रांस सुरक्षा परिषदेत कायमची जागा व नकाराधिकार दिला. सबळांनी निघून जाऊ नये, ही त्यातील दृष्टी होती, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. राष्ट्रसंघातून जसे मोठे देश निघून गेले तसे येथून गेले नाहीत. परंतु याची जी किंमत पडली, ती फडावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याने आधीच सांगितली असती. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेते, त्यांच्याच हाती फावडे देण्यात आले. २५ फेब्रुवारी १९२२ नव्हे, अगदी आपल्या डोळ्यांदेखत २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा ठराव परिषदेपुढे आला आणि ज्या रशियाने आक्रमण केले होते, त्यानेच तो नकाराधिकाराने अडवला. ८ डिसेंबर २०२३ रोजी गाझामधील युद्ध थांबवण्याची मागणी करणारा ठराव अमेरिकेने अडवला. दोन्ही वेळी आपापल्या परीने कारणे देण्यात आली. पाण्याचे तोंड दाबून धरणाऱ्यास कारणांची कधी वाण पडत नाही.

मग राष्ट्रांमध्ये फडाचा न्याय कोठेच आढळत नाही काय? एके ठिकाणी आढळतो, व तो फार शिकण्यासारखा आहे. फ्रान्स व जर्मनी यांच्यात १८७०, १९१४ आणि १९३९ अशी सत्तर वर्षांत तीन युद्धे झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमान यांनी सुचवले की, दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एकाच सामाईक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवावा. पुढच्या वर्षी पॅरिस येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड व लक्झेंबर्ग या सहा देशांनी तसा करार केला. कोळसा व पोलाद यांवाचून तोफा ओतता येत नाहीत, हे त्यातील वर्म होते. आमच्या दृष्टीने त्यांनी केले ते एवढेच: प्रत्येकाचा एकेक तुकडा प्रत्येक फडात टाकला. शेजाऱ्याचे शेत वाळवले तर आपलेही वाळते, अशी रचना झाल्यावर शहाणपण येण्यास फार उपदेश लागत नाही. याच करारातून पुढे आजचा युरोपीय संघ वाढला. त्याच्या सभांतील तंटे पाहून कित्येक लोक त्यास हसतात. ते आज कोळशाऐवजी दुधाच्या भावावर तासन् तास वाद घालतात, हे आम्हांस तर मोठे सुलक्षण वाटते.

आपल्या उपखंडात मात्र निराळा मार्ग धरण्यात आला. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या काही कालव्यांचे पाणी बंद केले, आणि तोंडाशी कोण व टोकाला कोण, हे दोन्ही नव्या देशांस एका दिवसात कळून चुकले. पुढे जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे पंडित नेहरू व अयुब खान यांनी सिंधू जल करारावर सह्या केल्या. रावी, बियास व सतलज भारताकडे. सिंधू, झेलम व चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. दोन्ही बाजूंचा एकेक आयुक्त नेमून कायमचा आयोगही केला. १९६५, १९७१ व १९९९ या तीनही युद्धांतून हा करार टिकून राहिला, ही त्याची थोरवी कोणीही नाकारू नये. तरीही तो फडांचा करार नव्हता, ती वाटणी होती. भावाभावांनी मध्ये भिंत घालून घर वाटून घ्यावे, तशा नद्या वाटून घेतल्या. कोणत्याही नदीत दोघांचा एकत्र संसार राहिला नाही. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाल्यावर भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. त्या दुःखाच्या व क्रोधाच्या क्षणी देशाने काय करावयास हवे होते, याचा निवाडा आम्ही शाळामास्तरांनी करू नये. आम्ही एवढेच नोंदवतो की, भिंत ही भांडण दूर ठेवते. ते मिटवण्याची सवय तिच्यामुळे लागत नाही.

पवित्र शास्त्राच्या उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. गरारच्या गुराख्यांनी एका विहिरीवर भांडण काढले, तेव्हा त्याने ती सोडली. दुसरीवर काढले, तीही सोडली. तिसरी खणली तेव्हा कोणी भांडले नाही, म्हणून तिचे नाव त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेवले. या सौजन्याविषयी आम्हांस परम आदर आहे. परंतु इसहाकास पुढे सरकण्यास मोकळे रान होते. खानदेशात आज तिसरी विहीर खणावयास जागाही नाही व खणलीच तर तिला पाणीही लागेल असे नाही.

आता एका कटू गोष्टीकडे वळावे लागते, कारण ती टाळल्यास वरील सर्व लिहिणे म्हणजे केवळ जुन्या काळाचे कौतुक ठरेल. ज्या साक्री तालुक्यात हे शहाणपण नांदले, त्याच तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत हिंडणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. ग्रामपंचायतीच्या खोलीत! ज्या जागी तंटा ऐकून घ्यावयाचा, त्याच जागी ऐकून घेणारा कोणी उरला नव्हता.

या घटनेचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. फडाच्या पंचांपुढे जो येई, तो ओळखीचा असे. त्याचा तुकडा आपल्या तुकड्याशेजारी असे. त्या व्यवस्थेने ओळखीच्या लोकांतील कलह उत्तम सांभाळला. अनोळखी मनुष्यासाठी तिच्यात जागाच नव्हती. गावास जे खरे, तेच राष्ट्रांसही खरे आहे. ज्याचा कोणत्याच फडात तुकडा नाही, असा निर्वासित, भटका किंवा परप्रांतीय मजूर समोर आला, म्हणजे करारांनी बांधलेली राष्ट्रेही राईनपाड्याच्या जमावासारखी वागू लागतात. अफवेला पाय फुटतात ते अशाच माणसाच्या बाबतीत, कारण तिला खोटे ठरवणारा शेजारी त्याला नसतो. म्हणून आम्हांस वाटते की, जुनी पंचांची रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिच्यात एक जागा अशी हवी की, जिच्यावर बसणाऱ्याचे काम अनोळखी मनुष्याचे म्हणणे आधी ऐकून घेणे हेच असेल.

हे सर्व मोठ्यांच्या जगाविषयी झाले. आमच्या शाळेचे मैदान एकच आहे आणि त्यावर हक्क सांगणारे क्रिकेटवाले, कबड्डीवाले, खोखोच्या मुली व ज्यांना नुसते धावायचे असते अशी पाचवीची मुले, असे चार पक्ष आहेत. पाऊस उघडला की मैदानाचा कोरडा भाग आणखी लहान होतो व दरवर्षी त्याच सुमारास वर्गशिक्षकांकडे तक्रारी येऊ लागतात. त्या तक्रारी आल्यावर मिटवण्याची रीत आता बंद करावी, असे आम्ही सुचवतो. शाळा उघडताच, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, अजून कोणाचेही भांडण झालेले नसताना, विद्यार्थ्यांनी आपले पाच पंच निवडावेत. मैदानाचे चार फड पाडून त्यांची आठवड्यागणिक फिरवाफिरव ठरवावी. मैदान ओले असेल त्या दिवशी प्रत्येक पक्षाचा किती वेळ कमी व्हावा, हे आधीच लिहून फळ्याशेजारी लावावे. पाच पंचांपैकी एक जण त्याच वर्षी दुसऱ्या गावाहून आलेला विद्यार्थी असावा. खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली क्रिकेटच्या कप्तानाकडे असू नये. जो कोणत्याच संघात नाही अशा एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती द्यावी. या सूचनेवर पालकांचे जे म्हणणे असेल, ते त्यांनी मे महिन्याच्या सुटीत कळवावे. विशेषतः साक्रीकडील ज्या घरांत वडीलधाऱ्यांनी फडावरचे पंच पाहिले असतील, त्यांनी त्या वेळी दंड काय असे व तो वसूल कसा होई, हे लिहून पाठवल्यास आम्हांस फार उपयोग होईल.